नगरपरिषदेचा डिजिटल आराखडा कोठून सुरू करावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपूर जिल्ह्यातील एका नगरपरिषदेत प्रशासकीय अधिकारी म्हणून काम करताना आपल्याला तीन वर्षांचा डिजिटल परिवर्तन आराखडा दोन महिन्यांत सादर करण्यास सांगण्यात आले आहे. मुख्याधिकाऱ्यांना नागरिकांसाठी मोबाइल ॲप आणि स्वतःच्या दालनात डॅशबोर्ड सर्वांत आधी हवा आहे, अभिलेख कक्षातील सगळे जुने रेकॉर्ड सरसकट स्कॅन करून देण्याचा प्रस्ताव एका पुरवठादाराने ठेवला आहे, आणि या कामासाठी सल्लागार नेमावा की नाही, याचाही निर्णय व्हायचा आहे.

विदर्भातील शासकीय आणि निमशासकीय कार्यालयांच्या संगणकीकरणात अनेक वर्षे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की आराखड्याचे एकक सॉफ्टवेअर ठेवले, तर तो आराखडा पहिल्या वर्षाच्या खरेदीपुरताच जिवंत राहतो. एकक असावे ती सेवा, म्हणजे एका नागरिकाचा एक अर्ज खिडकीवर आल्यापासून त्यावर आदेश होऊन तो त्याच्या हाती पडेपर्यंतचा संपूर्ण प्रवास. हा प्रवास ज्याने टेबलानुसार तपासलेला नाही, त्याने केलेल्या आराखड्यात बहुधा पुढील प्रकार घडतो: अर्ज ऑनलाइन येतो, लिपिक त्याची छापील प्रत काढतो, ती नस्तीत (फाइलमध्ये) लावतो, नस्ती पूर्वीप्रमाणे चार टेबलांवरून फिरते, आणि शेवटी मंजुरीची नोंद पोर्टलवर कोणीतरी सवडीने चढवते. नागरिकाच्या दृष्टीने रांग तेवढी कमी होते, मुदत कमी होत नाही. कार्यालयाच्या दृष्टीने तर काम दुप्पट होते.

सेवांची यादी नव्याने तयार करण्याची गरज नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 अन्वये अधिसूचित केलेल्या सेवा, प्रत्येक सेवेची कालमर्यादा, पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा देण्याची जबाबदारी असलेला) आणि अपिलीय अधिकारी यांचा फलक आपल्या कार्यालयाच्या दर्शनी भागात असलाच पाहिजे. तोच आराखड्याचा कच्चा माल समजावा. त्या यादीतून आधी आपल्या हातात नसलेल्या सेवा वगळाव्यात. जन्म-मृत्यूची नोंद केंद्राच्या सीआरएस (नागरी नोंदणी) प्रणालीत होते, आणि 1969 च्या कायद्यात झालेली दुरुस्ती 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाल्यानंतर त्या नोंदीचे महत्त्व अधिकच वाढले आहे. त्यामुळे नगरपरिषदेने स्वतःचे जन्म-मृत्यू सॉफ्टवेअर करून घेणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे आहे. बांधकाम परवानगीसाठीही राज्याची ऑनलाइन प्रणाली आहे. अशा सेवांबाबत आराखड्यात एवढेच लिहावे की त्या प्रणालींवर आपले काम वेळेत कोण करील आणि त्यांतील माहिती आपल्या मालमत्ता कराच्या यादीपर्यंत कशी पोचेल. उरलेल्यांपैकी पहिल्या वर्षासाठी फार तर तीन सेवा निवडाव्यात. मालमत्ता कराच्या नोंदीतील नाव हस्तांतरण, थकबाकी नसल्याचा दाखला आणि नवीन नळजोडणी, ही निवड बहुतेक नगरपरिषदांना लागू पडावी, कारण तिन्हींचा आधार एकाच मालमत्ता क्रमांकावर उभा आहे आणि तो क्रमांक एकदा नीट झाला की तिन्ही कामे मार्गी लागतात.

आता यांतील हस्तांतरणाचे प्रकरण जवळून पाहू, कारण आराखडा नेमका कशाचा करायचा हे त्यावरून कळते. अर्जदार खरेदीखताची छायाप्रत, मागील कराची पावती, थकबाकी नसल्याचा दाखला, ओळखपत्र आणि बहुतेक ठिकाणी एक प्रतिज्ञापत्र जोडतो. आवक शाखेत शिक्का बसतो आणि अर्ज कर विभागाच्या लिपिकाकडे जातो. लिपिक कार्यविवरण नोंदवहीत घेऊन टिपणी लिहितो, कर निरीक्षक स्थळपाहणी करतो, कर अधीक्षक शेरा मारतो, हरकतींसाठी जाहीरनामा निघतो, आणि मुदत संपल्यावर नस्ती मुख्याधिकाऱ्यांकडे जाते. अलीकडे निकाली निघालेल्या अशा पन्नासेक नस्ती अभिलेखातून काढाव्यात आणि प्रत्येक टेबलावर नस्ती कोणत्या तारखेला आली आणि कोणत्या तारखेला गेली, हे एका साध्या तक्त्यात मांडावे. यासाठी सल्लागार लागत नाही. नोंदवह्या वाचता येणारा एक अनुभवी लिपिक आणि आठवडाभराची सवड पुरते. तक्ता भरल्यावर बहुधा असे दिसेल की प्रत्यक्ष काम काही तासांचे आहे आणि बाकीचे दिवस नस्ती स्थळपाहणीची किंवा सहीची वाट पाहत पडून राहिली आहे.

त्या तक्त्याशेजारी आणखी एक स्तंभ आखावा: हे कागदपत्र कोणत्या नियमाने मागितले जाते? उत्तर म्हणून कलम किंवा शासन निर्णय दाखवता आला नाही, तर ते कागदपत्र वगळण्याच्या यादीत टाकावे. थकबाकी नसल्याचा दाखला नगरपरिषद स्वतःच देते आणि स्वतःच मागते. ही माहिती कर विभागाच्या संगणकात असताना नागरिकाला त्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळे शुल्क का लावावे, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही. खरेदीखताची नोंदणी दुय्यम निबंधकाकडे आधीच झालेली असते. दस्त क्रमांक, वर्ष आणि कार्यालयाचे नाव घेतले, तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) पाहून पडताळणी करता येते, आणि अशी पडताळणी छायाप्रतीवरील गोल शिक्क्यापेक्षा किती तरी भरवशाची आहे. प्रतिज्ञापत्राच्या जागी स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकित प्रतीच्या जागी स्वयंसाक्षांकित प्रत राज्य शासनाने 2015 मध्येच स्वीकारली आहे. तरीही अनेक कार्यालयांच्या छापील अर्जावर जुनी अट तशीच आहे, आणि संगणकीकरण करताना पुरवठादार तोच छापील अर्ज पडद्यावर उतरवतो. मग जी अट एका शिपायाच्या सांगण्याने कधीतरी सैल होत असे, ती लाल तारांकित रकान्याच्या रूपाने कायमची पक्की होते.

स्थळपाहणीबाबतही हाच प्रश्न विचारावा. केवळ मालक बदलला आहे, बांधकामात बदल नाही आणि वापरही तोच आहे, अशा प्रकरणात निरीक्षक जागेवर जाऊन काय पाहतो? वाढीव बांधकाम सापडते, असे उत्तर मिळेल आणि त्यात तथ्य आहे. पण त्यासाठी चतुर्वार्षिक आकारणीचे सर्वेक्षण असते. प्रत्येक हस्तांतरणाला पाहणीची अट लावून वाढीव बांधकाम शोधणे, म्हणजे खरेदीदाराला दुसऱ्याच कामासाठी अडवून ठेवणे होय. अशा प्रकरणांचे दोन मार्ग करावेत: नोंदणीकृत दस्ताने झालेले साधे हस्तांतरण कर अधीक्षकांच्या स्तरावर निकाली निघावे, आणि वारसाहक्काची, वाटणीची किंवा हरकत आलेली प्रकरणेच वरपर्यंत जावीत. यासाठी मुख्याधिकाऱ्यांचा अधिकार प्रदान केल्याचा लेखी आदेश लागेल, आणि काही बाबतींत सभेचा ठराव किंवा वरिष्ठ कार्यालयाचे मार्गदर्शन घ्यावे लागेल. हे कागद निविदेपूर्वी हातात असावेत, कारण प्रणाली बसल्यानंतर नियम बदलले की प्रत्येक बदलाचे वेगळे देयक येते.

याच टप्प्यावर ‘त्रुटी’ या बटणाचा बंदोबस्त करावा. लोकसेवा हक्क अधिनियमातील कालमर्यादा परिपूर्ण अर्जापासून मोजली जाते, आणि विनाकारण विलंब करणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. त्यामुळे मुदत संपत आली की एखादी किरकोळ त्रुटी काढून अर्ज परत पाठवण्याचा मोह कोणत्याही टेबलावर होतो. पोर्टलवरील वेळेत निकाली निघालेल्या अर्जांचा आकडा त्यामुळे उत्तम दिसतो आणि नागरिक मात्र तिसऱ्यांदा सेवा केंद्रात जाऊन बसतो. प्रणालीत अशी तरतूद मागावी की सर्व त्रुटी एकाच वेळी, ठरावीक यादीतून निवडून, नियमाच्या उल्लेखासह आणि अर्ज आल्यापासून ठरवून दिलेल्या थोड्या दिवसांतच काढता येतील. त्यानंतर त्रुटी काढायची असल्यास ती वरिष्ठाच्या मान्यतेनेच निघेल. माझ्या मते संपूर्ण निविदेत याहून स्वस्त आणि याहून परिणामकारक अट दुसरी नाही.

रेकॉर्डचा प्रश्न मोठा आहे आणि पुरवठादाराचा प्रस्ताव नेमका येथेच फसवा ठरण्याचा धोका आहे. सातबाराचा इतिहास आपल्यासमोर आहे. हस्तलिखित सातबारा संगणकात भरले गेले, आणि पुढे हस्तलिखित आणि संगणकीकृत उताऱ्यांत नावे, क्षेत्र, इतर हक्कातील नोंदी यांत तफावती निघाल्या. त्या दूर करण्यासाठी एडिट आणि नंतर री-एडिट मॉड्यूल (नोंदी दुरुस्त करण्याची संगणकीय सोय) आणावे लागले, 2017 मध्ये गावोगावी चावडी वाचन घेऊन खातेदारांना त्यांचा उतारा वाचून दाखवावा लागला, आणि उरलेल्या लेखनप्रमादांसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 खाली तहसीलदारांना आदेश काढावे लागले. एवढे झाल्यानंतर, 2018 पासून, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. शेतकऱ्याला दिसते ते शेवटचे पाऊल. तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांची वर्षे गेली ती त्याच्या आधीच्या दुरुस्तीत. आपल्या आराखड्यातही वेळ आणि पैसा याच प्रमाणात विभागला जाईल, असे गृहीत धरावे.

नागपूर परिसरातील जुन्या नोंदींना आणखी एक वळण आहे. 1956 पर्यंत हा भाग मध्य प्रांतात आणि नंतर जुन्या मध्य प्रदेशात होता आणि कारभार मराठीबरोबर हिंदीतूनही चालत असे. जुन्या आकारणी वह्यांत ‘वल्द’ (मुलगा), ‘जौजे’ (पत्नी), ‘साकिन’ (राहणार) अशा पद्धतीची नोंद सापडते. एकच आडनाव एका पानावर गजभिये, दुसऱ्यावर गजभिए आणि संगणकात गजभीये असते. वानखडे आणि वानखेडे यांची सरमिसळ तर नित्याची आहे. त्यात भर म्हणून, साधारण पंधरा-वीस वर्षांपूर्वी संगणकात भरलेली बरीच माहिती युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे आजच्या प्रमाण संकेतांशी न जुळणाऱ्या जुन्या अक्षरसंचांत आहे. ती रूपांतरित करताना रफार पुढच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी जागा सोडते, आणि ‘श्र’ किंवा ‘ज्ञ’ यांच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात. मालमत्ता क्रमांक काही ठिकाणी देवनागरी अंकांत आणि काही ठिकाणी इंग्रजी अंकांत भरलेला असल्याने शोध घेतल्यावर अस्तित्वात असलेली मालमत्ताही सापडत नाही, आणि मग तीच मालमत्ता दुसऱ्यांदा नोंदवली जाते. दुबार नोंदी निर्माण होण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे आणि थकबाकीचा फुगलेला आकडा बऱ्याचदा येथूनच येतो.

म्हणून माझी शिफारस अशी आहे की सरसकट स्कॅनिंगचा प्रस्ताव तूर्त बाजूला ठेवावा. आधी सहा गठ्ठे पद्धतीने (कामाच्या स्थितीनुसार सहा गटांत) टेबलांवरची कागदपत्रे लावून घ्यावीत, अभिलेख कक्षातील नस्तींची जतन करण्याच्या मुदतीनुसार अ, ब, क, ड अशी वर्गवारी पूर्ण करावी, आणि मुदत संपलेले कागद महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 आणि विहित कार्यपद्धती पाळून नष्ट करावेत. जो कागद नष्ट करण्यास पात्र आहे, त्याच्या प्रत्येक पानाचे स्कॅनिंगचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. त्यानंतर स्कॅन करायच्या त्या फक्त आकारणी याद्या, हस्तांतरणाचे आदेश, मंजूर नकाशे आणि सभेचे ठराव. प्रत्येक प्रतिमेला मालमत्ता क्रमांक, वर्ष आणि प्रभाग यांची सूची जोडल्याशिवाय देयक मंजूर करू नये, कारण सूची नसलेले स्कॅनिंग म्हणजे गोदामातला ढीग संगणकात हलवणे होय. नोंदींच्या दुरुस्तीसाठी चावडी वाचनासारखाच मार्ग नगरपरिषदेलाही उपलब्ध आहे: प्रभागनिहाय यादी छापून वाचनालयात, शाळेत आणि कर भरणा केंद्रावर लावावी, आक्षेप लेखी घ्यावेत, आणि दुरुस्ती कोणाच्या आदेशाने झाली याची नोंद संगणकात ठेवावी. आपल्याकडे पुढील चतुर्वार्षिक आकारणी कधी आहे ते पाहावे. ती दीड-दोन वर्षांत असेल, तर शुद्धीकरणाचे काम तिच्या सर्वेक्षणाला जोडून घेणे सर्वांत काटकसरीचे होईल.

मात्र ही यादी लावताना आधार क्रमांक, पूर्ण मोबाइल क्रमांक किंवा बँक तपशील त्यात जाणार नाहीत, याची खबरदारी घ्यावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, 2023 नंतर ही केवळ सभ्यतेची बाब राहिलेली नाही. ओळखीसाठी आधारची छायाप्रत प्रत्येक अर्जाला जोडून घेण्याची सवय मोडणे हेही याच कामात येते. जी माहिती गोळाच केली नाही, ती फुटण्याचा प्रश्न येत नाही.

निविदेबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण चांगला आराखडा कामाच्या व्याप्तीच्या प्रकरणात कोसळलेला मी अनेकदा पाहिला आहे. राज्याची खरेदी कार्यपद्धती 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाने नियमपुस्तिकेच्या रूपात आलेली आहे आणि ती आपल्या लेखा शाखेला पाठ असेल. मी बोलत आहे ते करारातील मजकुराबद्दल. देयकाचे टप्पे संगणक बसवणे, सॉफ्टवेअर स्थापित करणे, प्रशिक्षण देणे असे लावले, तर पुरवठादाराला बहुतेक रक्कम पहिल्या सहा महिन्यांत मिळते आणि सेवेचा पहिला खरा अर्ज निकाली निघण्यापूर्वीच त्याचा उत्साह संपतो. टप्पे सेवेला बांधावेत: निवडलेल्या सेवेचे अर्ज सलग तीन महिने आरंभापासून आदेशापर्यंत कागदाविना निकाली निघाल्यावर अमुक हिस्सा, वसुलीचा हिशेब बँकेच्या विवरणाशी रोजच्या रोज जुळू लागल्यावर तमुक हिस्सा. सर्व माहिती खुल्या, वाचनीय स्वरूपात मागू तेव्हा काढून देण्याची अट, सर्व्हरवरील प्रशासक खाते नगरपरिषदेच्या ताब्यात असण्याची अट, करार संपताना नव्या पुरवठादाराकडे काम सोपवण्याची मुदत आणि त्यासाठी राखून ठेवलेली रक्कम, तसेच संकेतस्थळाचे डोमेन कार्यालयाच्याच नावावर असणे, एवढ्या गोष्टी सुटल्या तर तीन वर्षांनी आपलीच माहिती परत मिळवण्यासाठी वाटाघाटी कराव्या लागतात. एका कार्यालयात मी हे प्रत्यक्ष पाहिले आहे: कराराच्या नूतनीकरणावरून वाद झाला आणि भर वसुलीच्या हंगामात कर पावत्या पुन्हा हाताने फाडाव्या लागल्या.

सल्लागार नेमावा का, याचे उत्तर यातूनच निघते. टेबलांचा तक्ता, वगळायच्या कागदपत्रांची यादी आणि अधिकार प्रदानाचे आदेश ही कामे सल्लागाराला देऊ नयेत. तो बाहेरचा असल्याने त्याला सांगितली जाते तीच कार्यपद्धती तो लिहून घेतो, आणि ती बहुधा पुस्तकातली असते. निविदेचा तांत्रिक मजकूर, करार आणि स्वीकृती चाचणी यांसाठी मात्र जाणकार माणूस मर्यादित मुदतीसाठी अवश्य घ्यावा. जो निविदा लिहील, त्याचा पुरवठादाराशी कोणताही संबंध नसल्याचे लेखी हमीपत्र घ्यावे.

यंत्रसामग्रीबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. चांगले युपीएस, दोन वेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट जोडण्या, आणि ऐन उन्हाळ्यातल्या नवतपातही चालेल अशी थंड खोली पाहावी. स्वतःचा सर्व्हर घेण्याऐवजी शासनमान्य क्लाउडवर जाणे लहान नगरपरिषदेला सोयीचे पडते. प्रतिलिपी (बॅकअप) कोठे ठेवायची, हा प्रश्न मात्र हलक्यात घेऊ नये. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात झालेल्या अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत, तळमजल्यांत आणि तळघरांत पाणी शिरले. ज्यांचे संगणक आणि त्यांची प्रतिलिपी एकाच तळमजल्यावर होती, त्यांना प्रतिलिपी असून नसल्यासारखीच होती. दुसरी प्रत दुसऱ्या शहरात असावी आणि दर तिमाहीत ती प्रत्यक्ष परत चढवून पाहिल्याचा अहवाल नस्तीवर यावा. सायबर घटना घडल्यास सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार तिला सहा तासांत कळवावे लागते. तो ई-मेल कोण पाठवील आणि रविवारी असे घडल्यास कोण पाठवील, हे आराखड्यातच नमूद करावे.

कर्मचाऱ्यांच्या बाजूने दोन गोष्टींकडे लक्ष वेधतो. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन अधिकाऱ्याच्या खिशात असण्याऐवजी संगणक चालकाच्या ड्रॉवरमध्ये, पिन चिकटवलेल्या कागदासह असणे, हा प्रकार इतका सर्रास चालतो की त्याला कोणी गैर मानेनासे झाले आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 42 प्रमाणे खाजगी कळ स्वतःच्या नियंत्रणात ठेवणे ही स्वाक्षरीधारकाची जबाबदारी आहे, आणि चौकशी लागली तर आदेश चालकाने काढला हा बचाव अधिकाऱ्याच्या कामी येत नाही. अधिकारी टोकन का देतात, हे मात्र समजून घ्यावे: एकेका दाखल्यावर स्वाक्षरी करायला सहा क्लिक लागत असतील आणि दिवसाला शंभर दाखले असतील, तर कोणीही ते काम दुसऱ्याकडे ढकलेल. त्यामुळे तपासलेल्या प्रकरणांवर एकत्रित स्वाक्षरीची सोय ही निविदेतील मागणी असावी.

दुसरी गोष्ट बदल्यांची. 2005 च्या बदली अधिनियमाने पदावधी सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा आहे आणि प्रत्यक्षात तो पुष्कळदा पूर्ण होत नाही. तीन वर्षांचा आराखडा एकाच मुख्याधिकाऱ्यांच्या उत्साहावर बेतलेला असेल, तर मधेच तो पोरका होतो. म्हणून प्रत्येक सेवा अठरा महिन्यांच्या आत स्वतंत्रपणे पूर्ण होईल अशी बांधणी करावी, निर्णय सभेच्या ठरावात आणावेत, आणि प्रत्येक विभागातून बदली न होणाऱ्या स्थानिक आस्थापनेवरील दोन लिपिकांना प्रणालीचे पूर्ण ज्ञान द्यावे. ज्या लिपिकाची वही बंद होणार आहे, त्याला पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावे. अपवादात्मक प्रकरणे त्यालाच ठाऊक असतात, आणि त्याला वगळून तयार केलेली प्रणाली पहिल्याच अपवादाला अडते.

ॲपबद्दल माझे मत स्पष्ट आहे. मालमत्ताधारक वर्षातून एकदा कर भरतो आणि आयुष्यात फार तर दोन-तीनदा हस्तांतरण करतो. एवढ्यासाठी तो आपले ॲप फोनमध्ये ठेवणार नाही. मोबाइलवर नीट उघडणारे मराठी संकेतस्थळ, देयकावर क्यूआर कोड, आणि अर्जाच्या प्रत्येक टप्प्याला एसएमएस एवढे पुरे आहे. एसएमएसचा मजकूर आधी मोजून घ्यावा, कारण इंग्रजी लिपीत एका संदेशात 160 अक्षरे मावतात, तर देवनागरीत 70च, आणि काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र मोजली जातात. ‘आपणांस कळविण्यात येते की’ अशी सुरुवात केली, तर पहिल्या संदेशाचा तिसरा हिस्सा काहीही न सांगता संपतो. अर्ज क्रमांक, झालेली कृती आणि पुढची तारीख यांपलीकडे त्यात काही नसावे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा ज्यांना आपले काम समोर बसून करून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी खिडकी आणि आपले सरकार सेवा केंद्र दोन्ही चालू राहावीत. फरक एवढाच की खिडकीवरचा अर्जही त्याच प्रणालीत, अर्जदारासमोर, त्याच क्षणी भरला जावा आणि पावतीवर अंतिम तारीख छापली जावी.

वेळापत्रक आखताना नागपूरचे वर्ष डोळ्यांसमोर ठेवावे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनामुळे जिल्ह्यातील मनुष्यबळ आणि वाहने अधिग्रहित होतात, आणि उरलेले कर्मचारी प्रश्नांची माहिती पाठवण्यात गुंततात. जानेवारी ते मार्च हा वसुलीचा काळ, मे ते जुलै हा दाखल्यांचा आणि मान्सूनपूर्व कामांचा. निवडणूक लागली, तर आचारसंहिता आणि कर्मचाऱ्यांच्या नेमणुका यांत दोन-तीन महिने जातात. नवीन प्रणाली सुरू करण्यास पोळा ते दिवाळी हाच काळ मोकळा सापडतो, त्यातही धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपासचे दिवस नागपूर शहरालगतच्या संस्थांनी वगळावेत. मार्चमध्ये उद्घाटन ठेवण्याचा आग्रह झाल्यास कर विभागाच्या प्रमुखांचे लेखी मत नस्तीवर घ्यावे.

शेवटी डॅशबोर्डबद्दल. शासनाच्या 2025 मधील 100 आणि 150 दिवसांच्या कार्यालयीन सुधारणा कार्यक्रमांनंतर प्रत्येक कार्यालयप्रमुखाला तो हवासा वाटणे स्वाभाविक आहे, आणि मुख्याधिकाऱ्यांची मागणी थेट नाकारण्याची गरजही नाही. टेबलांचा तक्ता हाच त्यांचा पहिला डॅशबोर्ड म्हणून द्यावा. दर सोमवारी एका पानावर तीनच आकडे असावेत: पहिल्याच फेरीत मंजूर झालेले अर्ज, त्रुटी काढून परत गेलेले अर्ज, आणि सर्वांत जुन्या दहा प्रलंबित अर्जांचे क्रमांक, ते ज्या टेबलावर आहेत त्या टेबलाच्या नावासह. हे पान आजच, स्प्रेडशीटवर, एक रुपयाही खर्च न करता सुरू करता येते. आराखडा सादर होईपर्यंत अशी सात-आठ पाने जमा झालेली असतील; ती परिशिष्ट म्हणून जोडावीत आणि निविदेतील अपेक्षित सुधारणेचे आकडे त्यांवरूनच ठरवावेत.